हौदाशेजारचा चिरा

औरंगाबाद,
९ मार्च १९५४

प्रिय अन्सार,

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं राहिली, म्हणून तू मला मनातल्या मनात उर्दूत शिव्या दिल्या असशील. दे. पण कारण ऐकलंस तर माफ करशील. थोरल्या सरकारी वकिलांनी मला पहिला स्वतंत्र खटला दिला आहे, तोही सेशन्सचा. आणि खटला कुठल्या घरातला आहे ठाऊक आहे? बेगमपुऱ्यातल्या तुमच्याच.

तुम्ही अठ्ठेचाळीस साली विकलंत त्यानंतर ते घर दोनदा हात बदललं. आता तिथं तहसिलीतले एक कारकून राहतात. ११ फेब्रुवारीला भर दुपारी त्यांची बायको यमुनाबाई हौदाशेजारी भांडी घासत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्यासमोरचा जमिनीतला चिरा आपोआप वर उचलला गेला आणि खालून चिखलानं माखलेला एक माणूस कमरेपर्यंत वर आला. एका हातात पहार. दुसऱ्या हातानं त्यानं बाईचं मनगट धरलं, आणि सोडेचना. मनगटात सोन्याची पाटली होती, ती वाकली. बाईच्या ओरडण्यानं शेजारी धावले तेव्हाही त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. नुसता चिऱ्याच्या कडेला बसून राहिला.

माणसाचं नाव फकिरा. जमिनीखालून शहरात पाणी आणणारी जुनी नहर साफ करण्याचं काम करतो. त्या दिवशी त्याचं काम वरच्या अंगाला होतं, तुमच्या घराकडे यायचं कारणच नव्हतं. जबरी चोरीचा प्रयत्न, हातात हत्यार. यात गुन्हा शाबीत झाला तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याची जज्जसाहेबांनाही मुभा नाही.

अडचण एकच. त्यानं काही नेलं नाही, म्हणून सगळा डोलारा इराद्यावर उभा आहे. मनगट धरलं हे सगळ्यांनी पाहिलं. का धरलं ते मला सिद्ध करायचं आहे. मुद्देमालात तीन वस्तू आहेत: पहार, वाकलेली पाटली, आणि त्याच्या मुठीत सापडलेला एक पितळी अंगुस्ताना, शिवताना बोटात घालतात तो. यमुनाबाई म्हणते तो तिचा नाही, तिला शिवण येतच नाही. फौजदारांच्या मते आधीच्या कुठल्यातरी चोरीतला असावा.

तर मला एवढं कळव: नहरीतून तुमच्या घरात वर यायची वाट फकिराला पूर्वीपासून माहीत होती का? असेल तर बेत आधी ठरला होता असं मला म्हणता येईल.

अम्मींना आदाब सांग. जोहराआपाचं कराचीहून काही येतं का? लहानपणी तिनं मला हौदात ढकललं होतं, त्याचा इरादा मात्र कुणी सिद्ध करायला नको.

तुझा,
केशव


फर्दापूर,
१४ मार्च १९५४

केशवा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. पहिला खटला मिळाला म्हणून मुबारक. चौथीत असताना तू माझी पाटी घरी नेलीस आणि 'चुकून' म्हणालास. तेव्हाच मी ओळखलं होतं की हा पुढं वकील होणार.

इथं मुसाफिरखान्यात गर्दी आहे. उन्हं वाढायच्या आत लेणी बघून घ्यावीत म्हणून लोक येतात आणि माझ्याकडे गरम पाणी मागतात. माझा दिवस चुली आणि रजिस्टरात जातो.

घराचं म्हणशील तर सांगतो. हौदाच्या पश्चिमेला जो मोठा चिरा आहे त्याच्याखाली कुंडी आहे. माणूस सरपटत जाईल एवढ्या खापराच्या नळातून नहरीचं पाणी आधी तिथं येतं, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी हौदात जातं. वर्षातून एकदा माणूस आत उतरून गाळ काढतो. बेगमपुऱ्यात अशी बरीच घरं आहेत. तेव्हा वाट ठाऊक असणं ही काही मोठी गोष्ट नाही. फकिरा नावाचा कुणी यायचा का, ते मला आठवत नाही. नहरीवाले येत-जात, त्यांची नावं कोण लक्षात ठेवतो?

अम्मी बरी आहे. डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. आपाचं पत्र गेल्याच महिन्यात आलं, मी वाचून दाखवलं. खुशाल आहे, दुसरं मूल झालं.

खटल्यात फार जीव अडकवू नकोस.

अन्सार

ता. क. सहज विचारतो. त्या अंगुस्तान्याच्या आत दोरा गुंडाळलेला आहे का?


औरंगाबाद,
१९ मार्च १९५४

प्रिय अन्सार,

तुझा ता. क. वाचला आणि मी कोर्टाच्या नाझराकडे गेलो. मुद्देमालाची पुरचुंडी सोडवली. अंगुस्तान्याच्या आत लाल दोरा गुंडाळलेला आहे, चांगला सात-आठ वेढे. पितळ हिरवं पडलंय, पण दोरा काल गुंडाळावा तसा लाल आहे. पंचनाम्यात त्याचा उल्लेखच नाही. तुला कसं कळलं?

आणखी सांगतो. काल मी तुरुंगात जाऊन फकिराला भेटलो. सरकारी वकिलानं असं जायचं नसतं, वरिष्ठ रागावतील, पण मला राहवेना. पन्नाशीचा माणूस, छातीचं हाड न् हाड दिसतं, एका वाक्याला दोनदा खोकतो. सात वर्षं तो काढणार नाही, हे सांगायला वैद्य नको. मी विचारलं, तिथं कशाला गेलास? तो म्हणाला, "तीन ठोके आलते साहेब. तीन ठोके आले की कोन हाय ते इचारायचं नस्तं. हात द्यायचा."

त्यांच्या कामाची ही रीत आहे म्हणे. खाली हवा कोंडते, माणसाचा आवाज फुटत नाही. म्हणून चिऱ्यावर तीन ठोके मारायचे. ज्याला ऐकू येतील त्यानं नाव-गाव न विचारता हात द्यायचा. त्याला ठोके तुमच्या कुंडीच्या बाजूनं आले. तो नळातून सरपटत गेला. अंधारात त्याच्या हाताला हात लागला. गार, बाईमाणसाचा, बोटात अंगुस्ताना असलेला. तो हात न सोडता त्यानं पाठीनं चिरा उचलला. उजेडानं डोळे दिपले, आणि उघडून बघतो तर हातात यमुनाबाईचं मनगट. मुठीत अंगुस्ताना तसाच.

त्याचा जोडीदार पुंजाराम वर दोरी धरून बसला होता. तो म्हणतो, एकही ठोका ऐकू आला नाही. म्हणजे फकिराला साक्षीदार कुणी नाही.

मग मी यमुनाबाईकडे गेलो. यजमान कचेरीत होते. ती आधी जबाबातलंच बोलली, मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "ठोके मलाही ऐकू आले. खालून. आणि त्यानं माझा हात धरला नाही, मीच पुढं केला. का केला, ते मला नाही सांगता येणार. द्यावासा वाटला."

कोर्टात हे ती बोलणार नाही. परक्या पुरुषाच्या, त्यात नहरीत उतरणाऱ्याच्या हातात आपल्या बायकोनं हात दिला, हे चारचौघांत निघालं तर तिला माहेरी धाडेन, असं यजमानांनी बजावलं आहे. तिच्या डोळ्यात पाणी होतं. मी तिला जास्त छेडलं नाही.

तुरुंगातून निघताना फकिराला मी तुझं नाव सांगितलं होतं. तो म्हणाला, "अन्सारमियाला तरास देऊ नका." ज्याचं नावही तुला आठवत नाही, तो तुझी काळजी का करतो? मला नीट लिही.

केशव


औरंगाबाद,
६ एप्रिल १९५४

अन्सार,

अठरा दिवस झाले. टपाल फर्दापूरला दोन दिवसांत पोचतं. तू आजारी असतास तर कुणाकडून तरी कळलं असतं.

खटला २६ तारखेला लागला आहे. थोरले साहेब म्हणतात, साधी गोष्ट आहे, पहार दाखव, पाटली दाखव आणि बस खाली. मला ते जमेलही. फकिरानं वकील दिलेला नाही, सरकारनं दिला आहे, त्यानं अजून कागदही वाचलेले नाहीत.

परवा मी पुन्हा त्या घरी गेलो होतो, नकाशा काढायला. हौदाच्या कठड्यावर बसलो तेव्हा आठवलं, तू आणि मी लहान असताना एक म्हातारासा वाटणारा माणूस आपल्याला त्या चिऱ्यावर ठोके मारायला शिकवायचा आणि आपण चुकलो की हसायचा. तेव्हा तो फार तर तिशीत असेल. जोहराआपा दारात बसून कुडतं शिवत असायची आणि तुमच्या टकटकीनं माझा टाका चुकतो म्हणून ओरडायची.

तो फकिरा होता, अन्सार. आणि तिच्या बोटात काय होतं, तेही मला आता आठवतं आहे. कराचीचा पत्ता मला दे. मी तिलाच विचारतो.

केशव


फर्दापूर,
११ एप्रिल १९५४

केशवा,

कराचीचा पत्ता नाही. आपा कराचीला नाही. तिथून येणारी सगळी पत्रं मी लिहितो आणि मीच अम्मीला वाचून दाखवतो. तिची दोन मुलं मी जन्माला घातली, त्यांची नावं मी ठेवली. हे वाक्य मी सहा वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे आणि माझं अक्षर नेहमीसारखंच येतं आहे, याचीच मला भीती वाटते.

पोलीस ॲक्शननंतरचा तिसरा का चौथा दिवस. गल्लीत आरडाओरडा होता. अम्मी मामूकडे अडकली होती, घरात आपा आणि मी. ती कुडत्याला टाके घालत होती. मी तिला उठवलं, चिरा सरकवला आणि कुंडीत उतरवलं. पाणी गुडघ्याएवढं होतं. ती हसत होती, म्हणाली, माझ्या कुडत्याला कोरडं ठेव. अंगुस्ताना तिच्या बोटातच राहिला. तो अम्मीचा, आपाच्या बोटाला सैल व्हायचा, म्हणून अम्मीनं आतून लाल दोरा गुंडाळून दिला होता.

चिरा बसवला आणि मी त्यावर बसलो, समोर धुणं घेऊन. चार माणसं आली. कोण ते लिहीत नाही, त्यानं आता काही होणार नाही. हत्यारं आहेत का, घरात आणखी कोण आहे, असं विचारलं. मी म्हणालो, एकटा आहे. त्यांनी घर बघितलं. मग हौदावर बसून पाणी प्यायले, हात-पाय धुतले, विडी पेटवली. त्यांना घाई नव्हती.

तेवढ्यात माझ्याखाली तीन ठोके पडले.

मी उठलो नाही. उठलो असतो तर चौघांनी तिला बघितलं असतं. मी मोगरी उचलली आणि धुणं आपटायला लागलो, ठोके झाकले जावेत म्हणून. पुन्हा तीन आले. मी आणखी जोरात आपटलं. त्यातला एक हसून म्हणाला, फाडशील की सदरा. मग खालून दोन आले. तिसरा आला नाही.

ते गेल्यावर मी चिरा सरकवला. कुंडी काठोकाठ भरली होती. वरच्या अंगाला कुणीतरी पाणी सोडलं असावं. आपा नव्हती. नुसती एक चप्पल वर तरंगत होती.

संध्याकाळी मी फकिराला गाठलं. तो चार दिवस नळात उतरत होता. शहरात ती स्थिती असताना, फुकट, कुणाला न सांगता. काही सापडलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी नाय बोलनार कुनाला." तो बोलला नाही. तुला तुरुंगात भेटला तेव्हाही बोलला नाही. आपाची गोष्ट सांगितली तर आपण सुटू, हे त्याला कळत नसेल असं समजू नकोस. आणि मी तुला लिहिलं की मला त्याचं नाव आठवत नाही.

नमाजीआधी आम्ही नियत बांधतो. ती मनातच बांधायची असते, कुणी ऐकायची नसते. तुझं कोर्ट ती चव्हाट्यावर मागतं. फकिराची नियत मला माहीत आहे. ती सांगायची तर मला चिऱ्यावर बसलो होतो हे सांगावं लागेल, आणि अम्मीची दोन नातवंडं मारावी लागतील.

मला काय करावं ते सांग. नाही, सांगू नकोस.

अन्सार


औरंगाबाद,
१५ एप्रिल १९५४

अन्सार,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि आईनं विचारलं तेव्हा डोळ्यात काही गेलं असं सांगितलं. आपा माझीही कुणीतरी होती. तू एकट्यानं तिच्यासाठी रडलास, मला बोलावलं नाहीस, याचा राग मला आयुष्यभर राहील.

तू नको म्हणालास, म्हणून काय करावं ते सांगत नाही. फक्त स्थिती सांगतो. हे पत्र मी कोर्टात दाखवणार नाही, ते माझ्या ट्रंकेत आहे. २६ तारखेला मी उभा राहून पहार आणि पाटली दाखवीन असं थोरल्या साहेबांना वाटतं. मी ते करणार नाही. पण मी खटला सोडला तर दुसरा कुणी दाखवील, आणि फकिरा जाईल.

तू आलास तर मी तुला सरकारतर्फेच साक्षीदार म्हणून उभा करीन. सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नव्हे, हे मला परीक्षेत लिहायला आलं होतं. खरं करायची वेळ आत्ता आली.

अकराला कोर्ट भरतं.

केशव


औरंगाबाद,
४ मे १९५४

प्रिय अन्सार,

साक्ष संपल्यावर तू मला न भेटता थेट मोटार स्टँडवर गेलास. मी मागून धावलो, काळा कोट घालून, सगळा रस्ता बघत होता. गाडी निघून गेली होती.

काल निकाल झाला. फकिरा सुटला. जज्जसाहेबांनी लिहिलं आहे की आरोपीनं हात धरला तो चोरीसाठी नव्हे तर आपल्या कामाच्या रीतीप्रमाणे, कुणीतरी बुडत आहे अशा प्रामाणिक समजुतीनं, आणि असा समज होण्यास पूर्वीची एक घटना कारण होती. तुझं नाव त्यांनी निकालात एकदाच घेतलं. थोरले साहेब माझ्याशी बोलत नाहीत. फकिरानं बाहेर आल्यावर पहिलं तुझंच विचारलं, अन्सारमिया जेवून गेले का म्हणून.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. जज्जसाहेबांनी तुला शेवटी जे विचारलं, की तुम्ही चिऱ्यावरून उठला नाहीत तेव्हा तुमचा इरादा काय होता, बहिणीला वाचवण्याचा की स्वतःला, तो प्रश्न मी अडवायला हवा होता. त्याचा खटल्याशी संबंध नव्हता. मी कागद चाळत राहिलो. आणि तू म्हणालास, "साहेब, ते मला सिद्ध करता येत नाही."

अंगुस्ताना तुझ्या हवाली करण्याचा हुकूम झाला आहे. या पत्रासोबत रजिस्टरनं पाठवतो.

आता जे लिहितो ते लिहू की नको, यात दोन दिवस गेले. यमुनाबाईनं मला बोलावणं पाठवलं होतं. तुझी साक्ष झाल्यापासून रोज दुपारी, ती भांडी घासायला बसली की, चिऱ्याखालून ठोके येतात. तीन. नहर साफ झाली, त्यात आता कुणी उतरत नाही. यजमान येत्या सोमवारी चिरा चुन्यानं पक्का बसवून घेणार आहेत. मी परवा दुपारी तिथं जाऊन बसलो. मी पुराव्यावर चालणारा माणूस आहे. तरी सांगतो, मी ऐकले. चिरा उचलायचं धैर्य मला झालं नाही.

अम्मी कशा आहेत?

केशव


फर्दापूर,
१३ मे १९५४

केशवा,

रजिस्टर मिळालं त्याच दिवशी मी निघालो. तुला भेटलो नाही, कारण तू बरोबर आला असतास आणि मला एकट्यानं जायचं होतं. या वेळी राग धरू नकोस.

अम्मीला मी कोर्टात येण्याआधीच सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. त्यानंतर मात्र माझ्याशी बोलली नाही, हातानं खूण करून पाणी मागायची.

शनिवारी दुपारी मी बेगमपुऱ्यात पोचलो. यमुनाबाईनं दार उघडलं आणि मी कोण हे न विचारता बाजूला झाली. आम्ही दोघं चिऱ्याच्या दोन बाजूंना बसलो. तिच्या पुढ्यात भांडी होती, पण तिनं हात लावला नाही. अंगुस्ताना मी करंगळीत घातला होता, दुसऱ्या बोटात जात नव्हता.

ठोके आले. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण ते इतके ओळखीचे होते, की मला आधी लाज वाटली. मी चिरा सरकवला. पाणी काठापर्यंत होतं, स्वच्छ, आणि खाली काही दिसत नव्हतं. मी पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कोण आहे, हे विचारलं नाही.

कुणी धरला, असं मी तुला लिहिणार नाही. तू पुरावा मागशील आणि तुझं बरोबर असेल. हात किती वेळ आत होता, ते यमुनाबाईला ठाऊक. ती शेवटी म्हणाली, "भाऊ, आता काढा." काढला तेव्हा करंगळीत अंगुस्ताना नव्हता. त्याच्या आतला लाल दोरा तेवढा बोटाला गुंडाळलेला होता, सात वेढे, एकही न सुटलेला.

चिरा मी परत बसवला. सोमवारी गवंडी आला तेव्हा यमुनाबाईनं त्याला परत पाठवलं, असं तिनं कळवलं आहे. ठोके थांबलेत म्हणे.

घरी आलो तर अम्मी उंबऱ्यात बसली होती. तीन आठवड्यांनी तिनं तोंड उघडलं. "हात दिया क्या उसकू?" म्हणाली. मी म्हणालो, दिला, अम्मी. तिनं माझा हात ओढून घेतला, चाचपला, करंगळीवरचा दोरा तिला लागला. दिसत नसतानाही तिनं तो एक एक वेढा मोजत सोडवला आणि दाराजवळच्या खुंटीला वाळत घातला.

याला पाच दिवस झाले. इथं मे महिन्याचं ऊन आहे, अंगणात टाकलेली चादर तासाभरात कडक होते. मी रोज संध्याकाळी खुंटीशी जाऊन बघतो. दोरा अजून ओला आहे.

तुझा,
अन्सार